कॅमेऱ्याला पऱ्हाटीची ट्रॉली दिसते का?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

गेल्या चार-पाच वर्षांत नव्या मोटारींच्या पुढच्या काचेमागे, आरशाच्या वरच्या बाजूला, एक काळी डबी दिसू लागली आहे. आगपेटीपेक्षा थोडी मोठी. तो कॅमेरा असतो. पुढे चाललेल्या वाहनावर तो नजर ठेवतो, अंतर कमी झालं की चालकाला शिटी मारून सावध करतो आणि तरीही चालकाने ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक लावतो. या सगळ्या व्यवस्थेला विक्रेते 'एडास' म्हणतात. आपण तिला चालकाची मदतनीस यंत्रणा म्हणू. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली आणि ही गोष्ट आपल्याकडच्या मध्यमवर्गीय दारापर्यंत पोचली. त्या गाडीत कॅमेऱ्याच्या जोडीला रडारही होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या होंडा सिटीच्या हायब्रिड गाडीत मात्र सगळा भार काचेमागच्या एकट्या कॅमेऱ्यावर होता. आता जळगाव, धुळे, शिरपूर, चाळीसगाव कुठेही जा, लग्नसराईत मांडवासमोर अशा दोन-चार गाड्या उभ्या दिसतात.

मी तंत्रनिकेतनात मोटार अभियांत्रिकी शिकवली. त्यामुळे घरात कोणी नवी गाडी घेतली की पहिली फेरी मला मारून आणायची, असा आमच्याकडे रिवाज पडला आहे. माझ्या पुतण्याने गाडी घेतली तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, आता ब्रेकवर पाय ठेवायचं कामच उरलं नाही. गाडीला सगळं दिसतं." त्याच्या या 'सगळं' या शब्दाबद्दल मला आज बोलायचं आहे.

कॅमेऱ्याला खरं तर काहीच 'दिसत' नाही. त्याच्याकडे ठिपक्यांचं एक चित्र येतं, सेकंदाला अनेकदा. त्या चित्रातला कुठला ठिपक्यांचा पुंजका म्हणजे मोटार, कुठला ट्रक आणि कुठला माणूस, हे त्याला आधी लाखो चित्रं दाखवून शिकवलेलं असतं. लहान मुलाला आपण चित्रांच्या पुस्तकातून ओळख करून देतो, तसंच. आता पुस्तकात जे चित्र नाही, ते मूल कसं ओळखणार? संगणकाला वस्तू ओळखायला शिकवणाऱ्यांमध्ये २०१४ साली तयार झालेला 'कोको' नावाचा चित्रसंग्रह फार प्रसिद्ध आहे. त्यात ८० प्रकारच्या वस्तूंची ओळख आहे. मोटार आहे, बस आहे, ट्रक आहे, हत्ती, झेब्रा आणि जिराफसुद्धा आहे. रिक्षा नाही. ट्रॅक्टर नाही. बैलगाडी नाही. मोटार कंपन्या आपापली चित्रं स्वतंत्रपणे गोळा करतात, हे खरं. पण हे शास्त्र कुठल्या रस्त्यांवर लहानाचं मोठं झालं, ते एवढ्यावरून कळावं. एरंडोलच्या रस्त्यावर आजवर कोणाला जिराफ आडवा आलेला नाही.

आपल्या देशातही हे काम झालेलं आहे आणि ते चांगलं झालं आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने २०१८ साली भारतीय रस्त्यांचा एक चित्रसंग्रह तयार केला. हैदराबाद, बंगळूर आणि त्यांच्या आसपास फिरून घेतलेली सुमारे १०,००० चित्रं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू कडा आखून ३४ प्रकारांत विभागलेली. त्यात रिक्षेला स्वतःचा खाना मिळाला, रस्त्यावरच्या जनावरांनाही मिळाला. मला त्यातला सर्वांत प्रामाणिक खाना वाटतो तो उरल्यासुरल्या वाहनांचा. मोटार नाही, ट्रक नाही, बस नाही, रिक्षाही नाही, पण रस्त्यावर आहे आणि चाकांवर चाललं आहे, असं जे जे काही असेल ते त्यात टाकायचं. खानदेशातला निम्मा हंगाम त्या एका खान्यात मावेल.

कारण आपल्याकडे वाहनाचा आकार हंगामाप्रमाणे बदलतो. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेली ट्रॉली पाहा. फळ्यांच्या वर ताडपत्री आणि जाळी लावून फुगवलेला ढीग, दोन्ही बाजूंना लोंबणारा. मागून पाहिलं तर वाहन नाहीच, एक मळकट पांढरा डोंगर हलताना दिसतो. कापूस संपला की पऱ्हाटी निघते. पऱ्हाटीची ट्रॉली तर दोन्ही अंगांनी दोन-दोन, तीन-तीन फूट बाहेर आलेली असते. काड्यांमधून आरपार उजेड दिसतो, कडा कुठे संपते ते सांगता येत नाही, मागचे दिवे काड्यांत गाडले गेलेले. रावेर, यावल, सावद्याकडे केळीच्या पानांनी झाकलेली गाडी रस्त्याकडेच्या केळीच्या बागेसारखीच दिसते. माणसाच्या डोळ्याला या सगळ्याची सवय आहे. "पुढे काहीतरी मोठं चाललंय, नीट दिसत नाही, हळू घ्या," एवढं माणसाला वस्तूचं नाव ठाऊक नसतानाही समजतं. यंत्राला ही अक्कल देणं फार अवघड गेलं आहे. बहुतेक यंत्रणा आधी ओळखतात आणि मग घाबरतात. आपण आधी घाबरतो आणि मग ओळखतो.

पुतण्याबरोबर मी एकदा दिवसाउजेडी धुळ्याहून जळगावला आलो. त्या गाडीत स्टेअरिंगच्या मागच्या पडद्यावर, कॅमेऱ्याला जे वाहन सापडेल त्याचं छोटं चित्र उमटतं. मी सगळा वेळ त्या पडद्याकडे पाहत होतो. मोटारी पटापट उमटत होत्या. ट्रकही. रिक्षा कधी मोटार होऊन उमटायची, कधी उमटून गायब व्हायची आणि पुन्हा यायची. पारोळ्याच्या पुढे एक पऱ्हाटीची ट्रॉली लागली. पडद्यावर बराच वेळ रिकामा रस्ता होता आणि काचेतून समोर ट्रॉली होती. आम्ही जवळ गेलो, पुतण्याने स्वतःच वेग कमी केला, तेव्हा कुठे तिथे ट्रकचं चित्र आलं. मी हे एका गाडीत, एका दिवशी पाहिलं. त्यावरून सगळ्या गाड्यांचा निकाल लावणार नाही. पण आपण काचेतून जे पाहतो आणि पडद्यावर जे उमटतं ते ताडून पाहायला पैसे लागत नाहीत. ज्यांच्याकडे असा पडदा आहे त्यांनी शेजारी बसणाऱ्याला हे काम जरूर द्यावं.

आता अंतराबद्दल. रडार लहरी सोडतं, त्या परत येतात, त्यावरून अंतर आणि वेग मोजतं. एकट्या कॅमेऱ्याजवळ असं काही नाही. त्याला अंतर अंदाजानेच काढावं लागतं, आणि त्याची युक्ती गमतीदार आहे. पुढच्या वाहनाची चाकं रस्त्याला टेकतात ती रेघ तो शोधतो. रेघ चित्रात जितकी खाली, तितकं वाहन जवळ. जितकी क्षितिजाजवळ, तितकं दूर. या विद्येतली जगातली सर्वांत नावाजलेली कंपनी म्हणजे १९९९ साली जेरुसलेमला सुरू झालेली मोबिलआय. तिचे संस्थापक अम्नोन शाशुआ आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २००३ साली एक निबंध लिहून या युक्तीची मर्यादा स्वतःच मांडली. त्यांच्या गणितात कॅमेरा जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर आहे. ९० मीटर अंतरावरच्या वाहनाची ती रेघ चित्रात क्षितिजाच्या खाली जेमतेम दहा ठिपक्यांवर येते. एका ठिपक्याची चूक झाली तर अंतरात १० टक्क्यांची चूक होते. ४५ मीटरवर तीच चूक ५ टक्के. म्हणजे जिथे आधी कळायला हवं, तिथेच अंदाज कच्चा. आजचे कॅमेरे तेव्हापेक्षा खूप बारीक पाहतात, त्यामुळे आकडे सुधारले आहेत. तत्त्व मात्र तेच आहे.

शिवाय या गणितात रस्ता सपाट धरलेला आहे. कन्नडच्या घाटात किंवा लळिंगच्या चढावर रस्ता सपाट कुठून आणायचा? आणि गाडीचं नाक जरा वर उचललं गेलं तर? त्याच जुन्या कॅमेऱ्याचं गणित केलं तर एक अंश कल म्हणजे चित्रात जवळजवळ तेरा ठिपके. सगळं अंतर दहा ठिपक्यांत मोजायचं आणि चूक तेराची! चालता चालता स्वतःचा कल सुधारून घेण्याची सोय यंत्रणेत असते, म्हणून रोजचं काम निभावतं. पण डिकीत लग्नाचा सगळा बस्ता भरला आणि मागच्या सीटवर चार जण बसवले की त्या सोयीची परीक्षा होते.

याच कारणासाठी एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. पुढची काच फुटली तर बदलताना कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी विशिष्ट फलक ठरावीक अंतरावर मांडून मोजमाप करावं लागतं, किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने गाडी चालवून जुळणी करावी लागते. रस्त्याकडेच्या दुकानात काच स्वस्तात बसते, जुळणी होत नाही. दिवा पेटत नाही, तक्रार येत नाही, आणि कॅमेरा मात्र जरा वाकड्या नजरेने पाहत राहतो. फास्टॅगचंही तसंच. तो आरशामागे चिकटवायची पद्धत आहे. कॅमेऱ्यासमोरची जागा सोडून चिकटवा. लिंबू-मिरची बंपरला बांधा, तिथे कॅमेरा नाही. पण ज्या गाडीत रडार आहे त्या गाडीत ते पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये असतं, तेव्हा जागा विचारून बांधा.

ऊन हा आपला खास विषय. जळगाव आणि भुसावळचा मे महिना मी वर्णन करून सांगायला नको. बंद मोटारीत, काचेला चिकटलेल्या काळ्या डबीत, दुपारी काय तापमान होत असेल? होंडाच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे, की कॅमेरा फार तापला तर काही यंत्रणा बंद होतात आणि तसा संदेश येतो. गाडी थंड करा. म्हणजे चैत्र-वैशाखात दुपारी निघालात तर पहिले काही किलोमीटर मदतनीस रजेवर असू शकतो. संदेश येतो, ही चांगली गोष्ट. वाचत कोण?

पण माझ्या मते उन्हाचा त्याहून मोठा त्रास दिशेचा आहे. नकाशा काढून पाहा. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ हा रस्ता जवळजवळ सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. सकाळी धुळ्याहून जळगावला निघालेल्याच्या डोळ्यांसमोर सूर्य, आणि कामं उरकून संध्याकाळी परत निघालेल्याच्या डोळ्यांसमोरही सूर्यच. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस तर तो नेमका रस्त्याच्या टोकाला उगवतो आणि मावळतो. माणूस समोरचं ऊन-पडदं खाली ओढतो, डोळ्यावर हात धरतो, मान तिरकी करतो. कॅमेऱ्याला मान नाही. उजेड थेट भिंगात शिरला की चित्राचा मधला भाग पांढरा होतो, आणि पुढची वाहनं नेमकी मधल्याच भागात असतात. काच धुळीने माखलेली असेल तर सगळीच चकाकते. नागमोडी रस्त्यावर हा त्रास क्षणाचा असतो. आमच्या सरळ रस्त्यावर तो अर्धा-पाऊण तास पुरतो.

उजेडाने काय घडतं याचं एक उदाहरण जगभर चर्चेत आलं. ७ मे २०१६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात विलिस्टन गावाजवळ टेस्लाची एक मोटार, चालकाने यंत्रणेवर सोपवलेली, रस्ता ओलांडणाऱ्या एका लांब ट्रेलरखाली भर दुपारी सरळ घुसली. मोटारीतला माणूस जागीच गेला. ना यंत्रणेने ब्रेक लावला, ना माणसाने. कंपनीने सांगितलं, की लख्ख आकाशाच्या पार्श्वभूमीवर ट्रेलरची पांढरी बाजू दिसली नाही. त्या गाडीतला कॅमेरा मोबिलआयचा होता. त्यांनी सांगितलेलं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हाची यंत्रणा पुढे चाललेल्या वाहनाला मागून धडकण्याचं टाळण्यासाठी होती. आडवं जाणारं वाहन तिच्या कामातच नव्हतं. त्या गाडीत रडारही होतं, तरी उपयोग झाला नाही. रडारला पूल, पाट्या, कठडे अशा स्थिर वस्तूंचेही प्रतिध्वनी येतात. दर पाटीला गाडी थांबू लागली तर चालवणार कोण? म्हणून न हलणाऱ्या किंवा आडव्या जाणाऱ्या वस्तूंकडे अनेक यंत्रणा काणाडोळा करत आल्या आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये फ्लोरिडातच तशाच प्रकारे दुसरा अपघात झाला.

आता हे उदाहरण आपल्या रस्त्यावर आणा. दुभाजकातल्या फटीतून ट्रॅक्टर आडवा काढणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. पेट्रोल पंपावर पोचायचं आहे, वळसा दोन किलोमीटरचा आहे, मग विरुद्ध बाजूने येणंही रोजचंच. बिघडलेला ट्रक मार्गिकेतच उभा, मागे खुणेला चार दगड आणि लिंबाची एक डहाळी. डहाळीचा अर्थ आपल्याला कळतो. कॅमेऱ्याच्या पुस्तकात डहाळीचा धडा आहे, असं मी अजून ऐकलेलं नाही.

रात्रीचं गणित मात्र सगळ्यांनी मनाशी मांडून ठेवावं असं आहे. लाइट डिपरवर असताना समोरचा रस्ता साधारण ५० ते ६० मीटर नीट दिसतो. गाडीचा वेग ताशी ८० असेल तर ती सेकंदाला २२ मीटर जाते. सावध माणसालाही धोका पाहून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद लागतो. त्यात ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण ब्रेक लावल्यावर आणखी ३५ मीटर. झाले ६८. म्हणजे पुढे दिवा नसलेली ट्रॉली उभी असेल तर माणूस थांबू शकत नाही, त्याची काही चूक नसली तरी. आता यंत्र घ्या. त्याला दीड सेकंद लागत नाही. ओळखायला आणि खात्री करायला पाऊण सेकंद धरू. सतरा आणि पस्तीस, बावन्न मीटर. म्हणजे सगळं सुरळीत झालं, पहिल्याच नजरेत ओळख पटली, तर जेमतेम. आणि ओळख पटवायची कशी? रात्री कॅमेरा वाहन ओळखतो ते मुख्यतः मागच्या दोन तांबड्या दिव्यांच्या जोडीवरून. ते दिवे पऱ्हाटीत गाडलेले आहेत किंवा मुळात नाहीतच. एका ट्रॉलीवाल्या भाऊला मी विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "बल्ब उडी गया ना भाऊ." कधी उडाला, ते त्यालाही आठवत नव्हतं.

हेच गणित ताशी ६० ला करा. सेकंदाला १७ मीटरच्या आत. दीड सेकंदाचे २५ मीटर, ब्रेकचे २०. पंचेचाळीस मीटरमध्ये माणूस, कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय, थांबतो.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, की मग हा कॅमेरा काढूनच टाकावा. तसं माझं म्हणणं अजिबात नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पाहिलं, की आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेमुळे मागून धडकण्याचे अपघात निम्म्यावर येतात. निम्मे म्हणजे थोडं नव्हे. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि अपघातांमध्ये मागून धडकण्याचा वाटा पाचव्या हिश्श्याहून जास्त होता. पण त्याच संस्थेने पादचाऱ्यांबद्दल २०२२ मध्ये जे सांगितलं तेही ऐका. एकूण पाहता या यंत्रणेने पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्क्यांनी कमी झाले. जिथे रस्त्यावर दिवे नाहीत तिथे अंधारात काहीच फरक पडला नाही. पारोळा ते एरंडोल रात्री किती दिवे लागतात, ते आपण जाणता.

आपल्या राज्यात या कॅमेऱ्याचा सर्वांत शहाणा उपयोग मला नागपुरात दिसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे 'आय-रास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची तीच ट्रिपल आयटी आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्यात होत्या. शहर बसना असे कॅमेरे बसवले. चालकाला इशारा मिळतो हा एक भाग झाला. पण इशारे कुठे वारंवार वाजतात याची नोंद केली, की अपघात घडण्याआधीच ती जागा कळते. मग तिथला कठडा, वळण, दिवा दुरुस्त करता येतो. ज्या इमारतीत हे भाषण ध्वनिमुद्रित होतं आहे, तिच्याच नावाचा चौक बाहेर महामार्गावर आहे. या चौकाची, इच्छादेवी आणि अजिंठा चौकाची दुखणी जळगावकरांना कॅमेऱ्याशिवाय पाठ आहेत. पण महामार्गावरच्या एस.टी. गाड्यांना धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत अशी नोंद करता आली, तर जी ठिकाणं अजून कोणाला ठाऊक नाहीत ती सापडतील.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला. मोठ्या बस आणि ट्रकना आपोआप ब्रेक, मार्गिका सुटल्याचा इशारा आणि चालकाला डुलकी लागल्याचा इशारा या यंत्रणा सक्तीच्या कराव्यात, नव्या मॉडेलना एप्रिल २०२६ पासून, असं त्यात होतं. मी त्याचं स्वागत करतो. चाळीस टनांच्या ट्रकचा चालक रात्री तीनला पेंगतो, तेव्हा त्या शिटीचं मोल फार मोठं आहे. पण धडक देणाऱ्या ट्रकला डोळे दिले आणि धडक खाणारी ट्रॉली अंधारात ठेवली, तर हिशेब अर्धाच होतो. ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक हवेत, हा नियम जुनाच आहे. जिनिंगच्या फाटकावर, बाजार समितीच्या काट्यावर, साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ ट्रॉली थांबतेच. तिथेच चमकती पट्टी चिकटवून मिळाली तर कोणी नको म्हणणार नाही. फक्त ती फळीवर चिकटवू नका, पऱ्हाटी तिला झाकते. मालाच्या बाहेर आलेल्या टोकांना, दोन्ही बाजूंना, कापडी पट्टी बांधायला हवी. म्हणजे रुंदी कळते.

पट्टीबद्दलही एक इशारा आहे. त्याच अमेरिकन संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये एक चाचणी जाहीर केली. चमकत्या पट्ट्यांचे कपडे घातलेला पुतळा अंधारात रस्त्यावर उभा केला, तर तपासलेल्या तीन गाड्यांपैकी दोन गाड्यांचा गोंधळ उडाला. माणसाला जे उठून दिसतं, ते त्यांना माणूस वाटेना. म्हणून रात्री रस्त्याने पायी जाणाऱ्यांनी, पालखीबरोबर किंवा सप्तशृंगीच्या यात्रेला चालत निघालेल्यांनी, पट्ट्या जरूर बांधाव्यात, पण त्या मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांसाठी. त्याच्या गाडीतल्या डबीच्या भरवशावर रस्त्याच्या मध्याने चालू नये.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की गाडी घेतलीस त्या दुकानात परत जा, पुस्तिकेतलं 'मर्यादा' हे प्रकरण मागून घे आणि विक्रेत्याला समोर बसवून वाचून दाखव. त्याच्या पुस्तिकेत ते चौदा पानांचं निघालं. ट्रॅक्टरचा उल्लेख कुठेच नव्हता. 'असाधारण आकाराची वाहने' अशी एक ओळ होती. सध्या तो रात्री ताशी ६० च्या वर जात नाही. धुळ्याहून यायला त्याला वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात, आणि वहिनी जेवायला थांबलेल्या असतात.